वायरीचं ओझं

नगरच्या आमच्या घरात विजेचे दिवे दोन होते आणि प्लग एकच, तोही बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी, मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. आमच्या आधी त्या खोल्यांत मिशनची एक म्हातारी मिस राहायची. तिनं टेबलफॅनसाठी तो बसवून घेतला होता म्हणे. मिस मायदेशी गेली, फॅन तिच्याबरोबर गेला आणि प्लग तेवढा भिंतीवर राहिला. त्यात लावण्यासारखं आमच्याकडं काहीच नव्हतं, म्हणून आई त्याच्यावर कॅलेंडर टांगायची. घर म्हणजे मिशनच्या कंपाउंडातल्या लांबलचक कौलारू चाळीतल्या दोन खोल्या, एक बाहेरची, एक आतली, आणि मागं स्वयंपाकाची पडवी. भिंती मातीच्या, वरून चुन्याचा गिलावा. पलीकडच्या गल्लीत साळ्यांचे माग सकाळपासून खटखटायचे. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की रविवारी ते थांबले की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. लढाईचे दिवस होते. कॅम्पाकडं जाणाऱ्या लष्करी लॉऱ्या आमच्या रस्त्यानं जायच्या आणि प्रत्येक लॉरीला कौलं थरथरून वरची धूळ खाली यायची. आई ताटावर ताट झाकून ठेवायची ती त्या धुळीपायी.

बाबा शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. वर्गात त्यांचा आवाज असा लागायचा की रस्त्यानं जाणारा माणूस थबकावा, पण खिळा ठोकायला सांगितला की बोट ठेचलंच म्हणून समजा. आई लग्नाआधी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. नोकरी सुटली तरी नर्स काही तिच्यातून गेली नव्हती. आमची नखं, कान, जीभ ती रोज तपासायची आणि कंपाउंडातल्या निम्म्या बाळंतिणी डॉक्टरबाईंच्या आधी तिलाच बोलवायच्या. मी धाकटी, एस्तेर, घरात एस्तू. आणि माझ्याहून बरीच मोठी करुणाताई.

ताईबद्दल किती लिहू? हसताना ती तोंडावर हात धरायची, कारण पुढचा एक दात दुसऱ्यावर चढला होता. कणीक मळताना आमच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, गाणी गुणगुणायची, सूर नेहमी खालचा. स्वतःचं दुखणं सांगणं मात्र तिला कधी जमलं नाही. एकदा संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला बसलो असताना तिला विंचू चावला. बाबांची प्रार्थना लांबलचक असायची. ती संपून ‘आमेन’ होईपर्यंत ताई पायाचा अंगठा घट्ट दाबून बसून राहिली, आणि मग हळूच म्हणाली, “आई, मला काहीतरी चावलंय वाटतं.” आम्ही पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट आल्यागेल्याला हसून सांगायचो. सहनशील पोर म्हणून तिचं कौतुक व्हायचं. आता वाटतं, त्या कौतुकानंच तिचा घात केला.

तिचं लग्न यशवंतदाजींशी झालं होतं. दाजी बेलापूरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते, मूळचे श्रीगोंद्याजवळच्या खेड्यातले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिवाळीनंतर ताई आमच्याकडं आली. आई तिला रोज हुलग्याचं माडगं पाजायची, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची, आणि मी ताईच्या उशाशी बसून चिंचेची बोटुकं तिच्याबरोबर चोखायची. दिवस भरायला दोन महिने बाकी होते. नाताळ तोंडावर आला होता आणि पडवीत करंज्या तळणं चाललं होतं. त्या सकाळी ताई करंजी मुरडता मुरडता थांबली आणि चुलीपाशीच भिंतीला टेकली. दवाखान्यात न्यायला टांगा आणेपर्यंत सगळं उरकलं होतं. आईनंच सोडवलं तिला.

मुलगी झाली. पण केवढी! आमच्या पितळी तांब्यात मावली असती. रडलीसुद्धा नाही, नुसती मांजराच्या पिलासारखी कुईं कुईं केली. डॉक्टरबाई दुपारी येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, “अशा थंडीत हिला बाहेर काढू नका. दवाखान्यात तरी मी वेगळं काय करणार आहे? ऊब द्या. ऊब तुटली, की पोर गेली.” आईला ते सांगायची गरज नव्हती. तिनं दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणवलं, आतून पिंजलेला कापूस लावला, एका बाजूला भोकं पाडलेला डबा बसवला आणि त्या डब्यात विजेचा दिवा ठेवायचा ठरवलं. दिव्याची ऊब डब्याच्या भोकांतून बाळापर्यंत येणार. शेगडी ठेवावी तर धुराची भीती, आणि गरम पाण्याच्या बाटल्या बदलत बसावं तर कोळसा मिळायची मारामार.

अडलं ते वायरीपाशी. लढाईमुळं बाजारात हातभर वायर मिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी दाजी आले ते खांद्यावर वेटोळं घेऊनच. कारखान्यातल्या साहेबाला विचारून त्यांनी टाकाऊ पडलेली एक वायर आणली होती. काळी, रबरी, वरून सुताची वीण, आणि अंगठ्याएवढी जाड. अख्खं इंजिन चालवायची वायर ती, तिच्या टोकाला आमचा एवढासा दिवा. दाजींनी एका टोकाला होल्डर जोडला, दुसऱ्या टोकाला दोन काड्यांची पिन. कॅलेंडर काढलं, पिन लावली, दिवा लागला. दाजी आत जाऊन ताईशी दोन शब्द बोलले आणि गाळपाचा हंगाम असल्यामुळं लगेच परत निघाले. त्यांची सर्व्हिस मोटर वेशीपर्यंतही गेली नसेल, तोच पिन निसटून खाली लोंबली.

कारण साधं होतं. प्लग उंचावर, त्याची भोकं मिसच्या फॅननं सैल झालेली, आणि तिथून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या त्या जाडजूड वायरीचं सगळं ओझं दोन पितळी काड्यांवर. वायर कापून आखूड करावी तर खोकं खिडकीखाली आणावं लागलं असतं, आणि खिडकीतून वारं यायचं. खोकं बाहेरच्या खोलीतच, पण आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यापुढं आतल्या खोलीत ताईजवळ न्यायला वायर पुरत नव्हती. ताई आतल्या खोलीत बाजेवर, मध्ये दाराला पडदा. तिला बाळ दिसत नव्हतं. पडद्याखालून उंबऱ्यावर पडणारा दिव्याचा पिवळा पट्टा तेवढा दिसायचा. पिन निसटली की तो पट्टा जायचा, आणि आतून ताईचा आवाज यायचा, “आई, दिवा गेला गं.”

मग आमच्या घरात त्या वायरीला आधार द्यायचे प्रयोग सुरू झाले. पहिला मान बाबांचा. त्यांनी प्लगखाली खिळा ठोकला आणि सुतळीचा फास करून वायर त्यात अडकवली. थोड्याच वेळात खिळा गिलाव्याचा पोपडा घेऊन खाली आला. बाबा म्हणाले, “भिंतच पोकळ आहे,” आणि ठेचलेलं बोट तोंडात घातलं. मग आईनं जुन्या पातळाची किनार फाडून तिची झोळी केली, वायर तिच्यात घातली आणि खिडकीच्या गजाला बांधली. हे सकाळी छान दिसलं. पण कापड ताणत गेलं, झोळी खाली उतरत गेली, आणि दुपारी आई बाळाच्या ओठांवर कापसाच्या बोळ्यानं दूध सोडत असताना परत तो आवाज आला, “आई, दिवा गेला.” तिसऱ्या खेपेला आम्ही टेबलावर स्टूल, स्टुलावर विटा आणि विटांवर बाबांचे मासिकांचे बांधीव अंक रचून पार प्लगपर्यंत मनोरा उभा केला आणि वायर त्याच्या डोक्यावर ठेवली. हा टिकेल असं सगळ्यांना वाटलं. टिकलाही असता, पण लॉऱ्या होत्या. तीन-चार लॉऱ्यांची रांग गेली की मनोरा गदागदा हलायचा आणि पिन बोटभर बाहेर. बाळाच्या अंगाला आई हाताची मागची बाजू लावून पाहायची. एकदा पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी देवाला जे सुचेल ते कबूल करून टाकलं. त्या दिवशी बाळाचे ओठ जांभळे झाले होते. आईनं तिला पोलक्याच्या आत छातीशी धरलं आणि ओठ लाल होईपर्यंत ती हलली नाही. त्याच दिवशी पाळकसाहेबांना घरी बोलावून खोक्यातल्या खोक्यात बाप्तिस्मा उरकला. नाव ठेवलं कृपा.

आता माझ्या नातवाच्या घरी प्रत्येक भिंतीला प्लग आहेत. फोनचा, लॅपटॉपचा, कसला कसला जड ठोकळा भिंतीवर लोंबत असतो, आणि सैल झाला की पोरं त्याच्याखाली एखादं पुस्तक नाहीतर उशी सरकवून मोकळी होतात. नातसून मला विचारते, “आजी, तुम्ही त्या प्लगकडं काय बघत बसता?” एवढं सगळं कुठून सांगायला लागायचं?

ताईची सासू, साळूमावशी, गावाहून आली ती या धांदलीत. डोक्यावर पाटी, पाटीत हुलगे, तुपाचं गाडगं आणि पाय बांधलेली कोंबडी. मोठ्या आवाजाची, उंच बाई. आमच्या आईला ती जरा आडदांड वाटायची, आणि तिला आमची आई जरा मडमेसारखी. आल्या आल्या तिनं खोक्यात डोकावून पाहिलं.

“आगं बया! ही पोर न्हवं, ही तर पाखरू हाय,” ती म्हणाली. मग प्लगपाशी रचलेल्या मनोऱ्याकडं पाहून, “आन ह्यो काय देव्हारा मांडलाय?”

बाबांनी तिला सगळं समजावून सांगितलं. वायर, वजन, पिन. ते वर्गात शिकवावं तसं सांगत होते आणि ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मंजी वझं खालनं उचलून भागंना. मग वरनं का धरत न्हाई?” पडवीत दुधाचं भांडं मांजरापासून राखायला एक शिंकं टांगलेलं होतं. ती आत गेली, भांडं खाली उतरवलं आणि शिंकं घेऊनच आली. बाबा टेबलावर चढले आणि त्यांनी वरच्या वाशाला दोर बांधला. गाठ त्यांना येईना, ती खालून मावशीनं ओरडून ओरडून सांगितली. शिंकं प्लगच्या किंचित वर येईल असं टांगलं, आणि प्लगजवळची वायर त्याच्यात बसवली. पण खिडकीच्या वाऱ्यानं शिंकं डुलायला लागलं. मावशी म्हणाली, “हे मातुर माज्या ध्येनात न्हाई आलं.” तेव्हा आईला तिची पातळाची किनार आठवली. शिंकं त्या किनारीनं खिडकीच्या गजाला बांधून टाकलं. वजन वाशानं घेतलं, डुलणं गजानं थांबवलं, पिनेवर काही म्हणता काही भार राहिला नाही. बाबांनी ती अंगठ्यानं आत दाबली, आणि आम्ही सगळे लॉरीची वाट बघत उभे राहिलो. कधी नव्हे ते. लॉरी आली, कौलं थरथरली, धूळ पडली. दिवा जिथल्या तिथं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मावशी फिस्सकन हसली. आईही हसली, कितीतरी दिवसांनी, आणि खाली बसत म्हणाली, “विहीणबाई, आज तुम्ही होता म्हणून.”

“म्या काय केलं? शिकं तुमचंच हाय,” मावशी म्हणाली.

आईनं जरा वेळ डोळे मिटले. मग उठली, फणी आणि तेलाची वाटी घेतली. “करुणाचे केस विंचरते. चार दिवस फणी लागली नाही पोरीच्या केसांना.” ती पडदा सारून आत गेली. मी खोक्यापाशीच होते. आत वाटी खाली पडल्याचा आवाज आला. आई बाहेर आली तेव्हा तिचे हात तेलानं माखलेले होते आणि ती मला म्हणाली, “एस्तू, डॉक्टरबाईंना बोलाव. पळ.”

ताई तापानं फणफणली होती. आदल्या दिवसापासूनच असावी. आई तिला जेवण द्यायला, कपडे बदलायला आत जात होती, नाही असं नाही. पण कान बाहेरच्या दिव्याकडं. ताई गोधडी गळ्यापर्यंत ओढून “बरी आहे मी” म्हणायची आणि आई तेवढ्यावर परत फिरायची. अंगाला हात लावून आजार ओळखणारी बाई ती. तिचा हात सारा वेळ खोक्यातल्या त्या एवढ्याशा अंगावर होता. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि आईला बाहेर बोलावलं. बाळंतज्वर. ज्या गोळ्या हव्या होत्या त्या लष्कराच्या दवाखान्याबाहेर मिळत नव्हत्या. बाबा कॅम्पात जाऊन एका ओळखीच्या सार्जंटाच्या पाया पडून थोड्या घेऊन आले, पण उशीर झाला होता. शेवटच्या दिवशी सकाळी ताई शुद्धीवर होती. आई तिला म्हणाली, “अगं, मला सांगायचं तरी. दिव्यासाठी दर घटकेला हाक मारत होतीस, स्वतःसाठी एकदा मारायची होतीस.” ताई म्हणाली, “तू दमली होतीस गं. आणि बाळाचं बघत होतीस.” तोंडावर हात धरून हसायचा तिचा प्रयत्न मला दिसला. हात काही तोंडापर्यंत पोचला नाही.

दाजी आले ते मातीला. यंत्रं उघडणारा तो गडी माणूस मुलीच्या खोक्यापाशी बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. कृपा जगली. त्या थंडीभर शिंकं जागचं हललं नाही, दिवा गेला नाही, आणि होळीच्या सुमारास खोक्याची गरज सरली तेव्हा तिच्या मनगटावर चक्क वळी पडली होती. आईनं तिचं सगळं केलं. दूध, तेल, आंघोळ, धुरी, कशात कसर नाही. पण मी एकदाही तिला कृपा म्हणून हाक मारताना ऐकलं नाही. ती बाळाला मांडीवर घ्यायची आणि नजर खिडकीबाहेर ठेवायची.

उन्हाळ्यात साळूमावशी आणि दाजी आले. आम्हाला वाटलं, नातीला मागायला आले. बाबांनी काय बोलायचं याची तयारीही केली होती. जेवणं झाल्यावर मावशी पडवीत आईजवळ बसली आणि तिनंच सुरुवात केली.

“इहीनबाई, म्या एक ठरवून आल्ये. पोरीला ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. लेकीची निशानी हाय. तुमी जगवली, तुमचीच हाय ती. आमी सनावाराला येऊन तोंड बघून जाऊ.”

बाबांचा चेहरा उजळला. मी तर उडीच मारणार होते. आई भांडी घासत होती, तशीच घासत राहिली. मग म्हणाली, “नको. तुम्ही न्या.”

“आगं, पन आमच्या खेड्यात काय हाय? हितं दवाखाना, शाळा...”

“न्या म्हणते ना!”

बाबा पुढं झाले. “अगं, थोडा विचार कर. रागाच्या भरात...”

“राग नाही,” आई म्हणाली, आणि मग तिनं पहिल्यांदाच मान वर केली. “तिला जगवताना माझी पोर पलीकडच्या खोलीत गेली. हिच्याकडं बघितलं की मला ती खोली दिसते. अशा माणसानं लेकरू वाढवू नये.”

साळूमावशी उठली, तिनं आईच्या राखेच्या हाताला धरलं आणि म्हणाली, “न्हेते. पन तुमी कवा बी म्हना, म्या परत आनून घालीन.” दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटरनं ते तिला घेऊन गेले. मी तिचं टोपरं शिवलं होतं, ते घालून. आई मोटरपर्यंत आली नाही.

आई कधीच “आणून घाला” म्हणाली नाही. पण मावशी शब्दाला जागली. दर नाताळाला ती पोरीला घेऊन यायची. कृपा मावशीच्या पदराआडून आमच्याकडं बघायची, तिला ‘आये’ म्हणायची. तिचा दातही एकावर एक चढलेला निघाला. ती हसली की आई उठून पडवीत जायची. मग वर्षाआड येणं झालं. मग मावशी गेली, दाजींनी दुसरं लग्न करून संसार थाटला, माझं लग्न होऊन मी पुण्याला आले, आणि येणं थांबलं. म्हातारपणी आईचं मन वळलं होतं. मी माहेरी गेले की विचारायची, “श्रीगोंद्याकडचं कुणी भेटलं का?” मी म्हणायची, “चल, जाऊन येऊ.” ती म्हणायची, “आता कोणत्या तोंडानं?” आणि तो विषय तिथंच संपायचा. मी हट्ट धरायला हवा होता. तिच्यासारखंच मलाही वाटत राहिलं, पुढच्या खेपेला बघू.

आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. देवळातल्या बायका, बाबांचे जुने विद्यार्थी. दारापाशी चपलांच्या गर्दीत एक बाई उभी होती, तिशीच्या पुढची, उन्हानं रापलेली, हातात कापडी पिशवी. कंपाउंडातल्या कुणीतरी तिला विचारलं, “तुम्ही कुठल्या? बाईंच्या कोण?”

ती म्हणाली, “म्या? म्या वळखीची हाय. बाईंनी ल्हानपनी सांबाळलं हुतं मला थोडे दीस.”

मी गर्दीतून वाट काढत तिच्याकडं गेले. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला ताईच दिसली, ताईला कधी मिळालं नाही त्या वयाची. मी म्हणाले, “कृपा, मी एस्तूमावशी. इथं नको उभी राहूस. आत चल, घरच्यांत बस.” ती आली. मी तिला आईच्या पायाशी, माझ्या शेजारी बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. प्रार्थना चालली होती. शेतात राबणारा तो जड, खरखरीत हात माझ्या हातात तसाच पडून राहिला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.